एक जुलैचा फॉरवर्ड

११ जुलै १९७७, तुमसर

कॉलेजनं ही लांबडी वही हॉकीच्या हजेरीसाठी दिली होती. हॉकीला तीन पोरं आली आणि त्यातल्या दोघांना गोलकीपर व्हायचं होतं. हॉकी बंद झाली, वही माझ्याकडे राहिली. कुंता म्हणाली, "खेळाचा मास्तर रोज काय लिवते? शिट्टी फुकली, शिट्टी फुकली?" बायको अशी असली की माणसानं वहीशीच बोलावं.

पण आज लिहिण्याजोगं घडलं. प्रवेशाच्या खिडकीपाशी एक पोरगा उभा होता, आणि आतल्या नत्थू क्लार्कला त्याचं तोंडच दिसत नव्हतं. "अबे, खाली वाक, कोनाशी बोलून राहिलो मी?" असा नत्थूचा आरडाओरडा चालला होता. मी पोराला भिंतीशी उभा करून मोजला. सहा फूट दोन इंच. नाव केवळराम श्रावण नेवारे, गाव आंबागड. बाप जंगलकामावर होता, तो वारला. मॅट्रिकनंतर पोरगा दोन वर्षं लाकडं वाहत होता, म्हणून वर्गातल्या इतरांपेक्षा वयानं मोठा.

"बास्केटबॉल खेळशील?" मी विचारलं.

"तो काय असते जी?"

"वर टांगलेल्या टोपल्यात चेंडू टाकायचा. समोरचे टाकू देत नाहीत."

"टाकूच द्याचा नाही तं टोपलं काहून टांगते?"

मी खूप दिवसांनी हसलो. १९५८ साली मी विद्यापीठाच्या संघात बारावा होतो. संघ बारा जणांचाच असतो. चार सामने झाले, चारही मी बाकावरून पाहिले. त्यानंतरची एकोणीस वर्षं मी असल्या उंचीचा पोरगा शोधतो आहे.

३ सप्टेंबर १९७७

आमचं मैदान म्हणजे मुरूम ठोकलेली जागा. रिंग लोहारानं बैलगाडीच्या चाकाची धाव वाकवून करून दिली, जाळी ढिवराकडून विणून घेतली. प्राचार्यांच्या लेखी खेळ म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत. त्यांच्याकडे सिमेंटचं मैदान मागितलं तर म्हणाले, "मारोतराव, आधी मुताऱ्या होऊ द्या."

केवळरामला मी फॉरवर्ड केला. सोपं सांगायचं तर फॉरवर्डनं रिंगखाली घुसायचं, कोपरं खायची, आणि चेंडू खाली यायच्या आत वर जाऊन तो धरायचा. कोपरं खायचं त्याला शिकवावं लागलं नाही. उडी त्याच्या पायात आधीपासून आहे. म्हणतो, चिखलणीच्या दिवसांत डोक्यावर रोपाचा भारा घेऊन धुऱ्यावरून धुऱ्यावर, या बांधावरून त्या बांधावर, उड्या मारल्या की होते असं.

पहाटे साडेपाचला येतो, सातपर्यंत खेळतो, मग वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसतो. पहिल्या बाकावर का बसतोस, मागच्यांना फळा दिसत नसेल, असं मी विचारलं. म्हणाला, "इंग्रजी मागून आयकू येत नाही जी."

२१ जानेवारी १९७८

भंडाऱ्याला आंतरमहाविद्यालयीन सामने. आम्ही ५२, समोरचे ४७. ५२ पैकी ३१ एकट्या केवळरामचे. समोरच्या पोरांकडे पांढरे बूट होते, आमच्यातले दोघे अनवाणी होते. शेवटच्या मिनिटाला त्यांचे तिघं त्याच्या अंगावर चढले, तरी तो वरच्या वर चेंडू ठेवून खाली आला. मी बाकावर उभा राहून ओरडत होतो. पंचांनी मला खाली बसवलं.

परतीच्या एसटीत सगळी पोरं झोपली, हा खिडकीपाशी बसून पुस्तक वाचत होता. मी म्हटलं, "आज तरी ठेव ते." तो म्हणाला, "श्यामराव सरांनी उद्या म्हनून दाखवाले सांगतलं." श्यामराव आमचे इंग्रजीचे. चांगले खेळाडू नासवायची यांना हौस.

५ नोव्हेंबर १९७८

आंबागडच्या मंडईला गेलो होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीची नाचगाणी होतात. केवळरामनं घरी बोलावलं होतं. सायकलनं पोचायला सव्वा तास लागला.

त्याची आई धुरपताबाई बुटकी आहे, माझ्या खांद्याखाली येते. एवढं उंच पोर हिचं कसं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "हा माहा दुसरा केवळ आहे जी. पयला केवळ..." आणि ती काहीतरी सांगायला लागली, पण तेवढ्यात दंडारीचा ढोल सुरू झाला आणि काही ऐकू आलं नाही. बाईला बोलायची सवय फार. मी मान हलवत राहिलो. निघताना ती म्हणाली, "सर, तुमीच त्याचे बाप. पास झाला की नोकरीले लावा. आता माह्यानं जंगलात जानं होत नाही."

मी म्हणालो, "काळजी करू नका मावशी, त्याची जबाबदारी माझी."

तिथल्या दहा-बारा जणांनी ते ऐकलं. मला बरं वाटलं.

१८ डिसेंबर १९७९

केवळराम विद्यापीठाच्या संघात निवडला गेला! तुमसरच्या कॉलेजचा पहिला. निळा कोट मिळाला, त्यावर खिशापाशी विद्यापीठाचं चिन्ह. कोट कमरेला आखूड होतो, त्याच्या मापाचा त्यांच्याकडे नव्हताच.

आता माझ्याबद्दल. संघाबरोबर मार्गदर्शक म्हणून एक शिक्षक जातो. रिवाज असा की ज्यांच्या कॉलेजचा खेळाडू संघात असेल त्यांच्यातूनच तो पाठवायचा, आणि तोही पाळीपाळीनं. मी यादी पाहून आलो. यंदा भंडाऱ्याचा, पुढल्या साली नागपूरचा, आणि १९८१ च्या हिवाळ्यात मी. म्हणजे त्या साली केवळराम संघात असला तर. नसला तर माझं नाव गाळून यादी पुढे सरकणार, आणि पुन्हा पाळी यायला दहा-बारा वर्षं. तोवर मी निवृत्त.

केवळराम बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमध्ये परीक्षा. पास झाला की कॉलेज संपलं. हे मी तीनदा हिशेब करून पाहिलं.

२३ फेब्रुवारी १९८०

एका मोठ्या कारखान्याच्या संघाचा माणूस आज मैदानावर आला होता. कारखान्याला फॉरवर्ड हवा आहे. ऑगस्टपासून नोकरी, राहायला खोली, सकाळी काम आणि संध्याकाळी खेळ. केवळराम माझ्याकडे बघत होता. त्या माणसाला मीच सांगितलं की विचार करून कळवतो.

तो गेल्यावर आम्ही बोर्डाखाली बसलो.

"सर, माय लय खूश होईन."

"होईलच ना. पण आत्ता गेलास तर साधा कामगार म्हणून घेतील. विद्यापीठाचे आणखी दोन कोट अंगावर चढव, मग बघ कसे मागे लागतात."

"पन दोन सालं कॉलेजात कसा राहू जी? मार्चात पास होईन ना मी."

मी त्याला नियम सांगितला. पास झालेल्याला संघात जागा नाही. नापास झालेल्याला पुन्हा प्रवेश घेता येतो. एक पेपर कोरा ठेवायचा, बस्स. नागपूरची किती पोरं असं करतात. ते कोणी पाप नाही. फक्त कोणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, नाहीतर कॉलेजचं नाव जाईल.

तो बराच वेळ मुरुमावर बोटानं रेघा ओढत होता. मग म्हणाला, "कोनता पेपर?"

मी म्हटलं, इंग्रजी. खेड्यातला पोरगा इंग्रजीत नापास झाला तर कोणाला काही वाटत नाही.

"तुमी म्हनान तसं, सर."

कारखान्याला पत्र टाकलं: दोन वर्षांनी येईल. मी त्याच्या भल्याचंच सांगितलं. माझी पाळी मधे येते हा योगायोग आहे.

२० जून १९८०

निकाल लागला. केवळराम इंग्रजीत नापास, बाकी सगळ्यात दुसरा वर्ग. ठरल्याप्रमाणे झालं.

श्यामराव मला गाठून म्हणाले, "मारोतराव, हे होऊच शकत नाही. वर्गात त्याच्याइतकं कोणाचं इंग्रजी नाही. मी फेरतपासणीचा अर्ज लिहून देतो." मी म्हणालो, पोराला परीक्षेत घाम फुटतो, अर्ज वगैरे नको. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. श्यामरावांना काय? खुर्चीत बसून पुस्तकं वाचायची.

कुंतानं संध्याकाळी विचारलं, "तो एवढा हुशार पोट्टा नापास काहून झाला?"

मी तिलाही परीक्षेतल्या घामाचं सांगितलं. ती म्हणाली, "मले येड्यात नका काढू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हन्ते लोक. अना हातचं तं दुसऱ्याचं आहे." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

९ जानेवारी १९८१

केवळराम पुन्हा विद्यापीठाच्या संघात. पहिल्या सामन्यात २८ गुण. पेपरात फोटो आला, त्यात त्याचं डोकं कापलं गेलं आहे. मी तो खोलीत चिकटवला.

आंधळगावची एक सोयरीक आली होती, ती मोडली म्हणे. मुलीच्या बापानं विचारलं, पोरगा शिकतो काय? नापास झाला, असं कोणीतरी सांगितलं. केवळरामनं मला हे सांगितलं नाही, नत्थूकडून कळलं. सोयरिकी काय, नोकरी लागली की उंबरठा झिजेल.

२ एप्रिल १९८१

उद्या इंग्रजीचा पेपर. केवळराम सकाळी घरी आला. कुंतानं चहा दिला. तो बशीत न ओतता तसाच कप धरून बसला.

"सर, यंदा पेपर देऊन टाकू का?"

मी त्याला समजावलं. एकच हिवाळा राहिला. मी स्वतः मार्गदर्शक म्हणून बरोबर असणार, त्याला पाचांत खेळवणार, सगळ्या देशाचे निवडणारे येणार. त्यानंतर कारखाना हात जोडून येईल.

"माय गावात मान खाली घालून चालते जी. बाया विचारते तिले."

"एवढं सोसलंस, आता थोडक्यासाठी काय?"

तो उठला, पाया पडला आणि गेला. आतून कुंता म्हणाली, "तो पाया पडते त्याचीबी तुमाले लाज नाही वाटत." मला राग आला. पण रात्री जेवण गेलं नाही हेही खरं.

१८ जून १९८१

दुसऱ्यांदा नापास. आणि आज एक भलतंच लक्षात आलं. खेळाडूंचे फॉर्म भरताना नियम वाचला: एक जुलैला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. शाळेच्या दाखल्यावर केवळरामची जन्मतारीख १ जुलै १९५६. म्हणजे येत्या एक जुलैला बरोबर पंचवीस पूर्ण. एका दिवसानं घोडं अडलं!

एक जुलै ही तारीख कोणाची असते? कोणाचीच नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला तारीख माहीत नसली की मास्तर एक जुलै टाकून मोकळा. आमच्या कॉलेजातली निम्मी पोरं एक जुलैला जन्मली आहेत, मी स्वतःसुद्धा. दोन वर्षं पोराला नापास केला आणि हे साधं गणित मी आधी केलं नाही. माझ्यासारखा मूर्ख मीच.

केवळराम म्हणतो, माय सांगते, गावतळ्याची, म्हणजे बोडीची पाळ फुटली त्याच्या दुसऱ्या साली पौषात तो झाला. चौकशी केली. पाळ १९५६ ला फुटली. म्हणजे जन्म १९५८ च्या जानेवारीतला. साडेतेवीस वय! पूर्वी गावात जन्म झाला की कोतवाल आपल्या बुकात लिहायचा, ती बुकं तहसिलात जमा आहेत. त्यातला उतारा मिळाला की काम झालं.

२ जुलै १९८१

तहसिलात अर्ज दिला, कॉलेजच्या कागदावर, प्राचार्यांच्या सहीनिशी: केवळराम वल्द श्रावण, मौजा आंबागड, याच्या जन्माचा उतारा थेट विद्यापीठाकडे पाठवावा. कारकून म्हणाला, "आधी पाहून तं घ्या, मास्तर. मंग पाठवा." बुकं शोधायला महिना लागेल म्हणाला. तेवढा वेळ कोणाला आहे? इकडे यायचं, मग तिकडे जायचं, त्यात फॉर्मची मुदत संपेल. मी म्हटलं, थेट पाठवा, शिक्क्यानिशी गेलं की कोणाला शंका राहत नाही.

केवळरामला सांगितलं, आता काळजी नको. तो म्हणाला, "तुमी पायलं म्हनल्यावर झालं."

२९ ऑगस्ट १९८१

विद्यापीठाचं पत्र आलं. प्राचार्यांनी खोलीत बोलावून हातात दिलं.

कोतवालाच्या बुकात आंबागडच्या श्रावणचा मुलगा केवळराम याची एकच नोंद आहे: जन्म १७ जानेवारी १९५४. म्हणजे आज वय सत्तावीस. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पत्रात पुढे लिहिलं आहे की या हिशेबानं खेळाडू १९७९ मध्येही पंचविशीच्या पुढे होता, सबब त्याची दोन्ही वर्षांची निवड रद्द करण्यात येत आहे. प्रमाणपत्रं आणि कोट परत करावेत.

प्राचार्य म्हणाले, "हा उतारा मागितला कोणी?"

अर्जावर सही त्यांचीच आहे असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मजकूर तुमचा आहे." मी बाहेर येऊन मैदानावर गेलो. केवळराम नव्या पोरांना पास शिकवत होता. त्याला सांगायला मला तास लागला. तो एवढंच म्हणाला, "मी चोपन सालचा कसा असन जी?"

६ सप्टेंबर १९८१

आंबागडला गेलो. धुरपताबाई अंगणात बसली होती. मी तिच्यावर ओरडलोच. चोपन्न सालची नोंद कशी काय?

"तो पयला केवळ, सर. तीन सालाचा होऊन मेला. जंगलात होतो आमी, तेंदूच्या पानाच्या दिवसात. हागवन लागली, दोन दिवसात गेला. मंग हा झाला पौषात. याच्या बापानं म्हनलं, केवळच पल्टून आला, त्याचंच नाव ठेवू. आमच्या इकडं ठेवतेच जी, पल्टून आलेल्याले तेच नाव."

"मग याचा जन्म लिहिला का नाही?"

"कोतवाल म्हने, केवळराम तं लिवूनच आहे बुकात. एकाच पोट्ट्याले दोनदा काय लिवू?"

"आणि पहिला मेला ते?"

"ते सांगाले कोन गेलं? जंगलातच पुरला."

मेल्याचा कागद नाही आणि जिवंताचाही नाही. मी तिला म्हणालो, हे मला आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, "मंडईले आलते तवा सांगतलं होतं जी." असेल. मला आठवत नाही. ढोल वाजत होता.

मेलेल्या पोराचं नाव जिवंताला द्यायचं, वरून आळशी कोतवाल, वरून मास्तरची एक जुलै. अशा लोकांनी माझ्या हातचा फॉरवर्ड घालवला.

१४ ऑक्टोबर १९८१

आईचं प्रतिज्ञापत्र करून विद्यापीठात दिलं. साहेब भले वाटले, पाणी विचारलं. म्हणाले, "बाईंवर माझा विश्वास आहे, पण पहिल्या मुलाच्या मृत्यूचा दाखला आणा." तो नाही. "मग शिक्क्याचा कागद मी कसा खोटा ठरवू? आणि तो तुमच्याच कॉलेजनं मागवला आहे."

केवळरामनं दोन्ही प्रमाणपत्रं आणि दोन्ही कोट टेबलावर ठेवले. कोट धुऊन, घडी करून आणले होते.

तिथून त्याला घेऊन कारखान्यात गेलो. दीड वर्षापूर्वी आलेला तोच माणूस. त्यानं ओळखलं, उठून उभा राहिला. पण पंचविसाची अट त्यांनाही आहे. विद्यापीठाचं प्रमाणपत्र असलेल्याला तीन वर्षांची सूट मिळते म्हणाला. "आहे ना प्रमाणपत्र?"

ते आजच परत करून आलो, असं मी सांगितलं. तो माणूस केवळरामला म्हणाला, "यार, उसी वक्त आ जाता. मैंने तो खोली भी देख रखी थी."

परत येताना केवळराम बसच्या दाराशी उभा राहिला. जागा होती, पण बसला नाही.

७ डिसेंबर १९८१

विद्यापीठाचा संघ काल रवाना झाला. मार्गदर्शक यादीतला माझ्या पुढचा. तुमसरचा खेळाडू संघात नाही म्हणून माझं नाव गाळलं. मी तेवीस वर्षं वाट पाहिली आणि शेवटी बारावा तो बारावाच राहिलो. कुंता म्हणाली, "तुमचं काय गेलं? पगार तं चालूच आहे."

केवळराम महिनाभर कॉलेजात आलेला नाही. नत्थू सांगतो, मँगनीजच्या खाणीवर लागला, ट्रकमध्ये दगड भरतो. तिथं जन्मतारीख विचारत नाहीत.

११ एप्रिल १९८२

सिमेंटचं मैदान एकदाचं झालं. नवी पोरं चांगली आहेत, पण रिंगखाली घुसायला भितात. केवळरामनं रविवारी येऊन शिकवावं असं मला वाटलं. आज सुट्टी असेल म्हणून सायकलनं आंबागडला गेलो.

तो अंगणात मोहफुलं पसरत होता. वाळला आहे. हातांना काळी-तांबडी माती बसली आहे, ती धुऊन जात नाही म्हणे. मला बघून उठला, खाट टाकली, पाया पडला. मी मैदानाचं सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं जी." रविवारचं विचारलं तर म्हणाला, "नाही जमत, सर. अंग दुखते."

यंदा तरी परीक्षा दिली असतीस तर, असं मी म्हणालो. निदान पदवी हातात असती. उद्याच इंग्रजीचा पेपर आहे.

तो थोडा वेळ फुलं सारखी करत राहिला. मग आईकडे पाहिलं. ती आत चुलीपाशी होती. हळू आवाजात म्हणाला, "सर, तो पेपर मी कोरा नव्हता ठेवला."

"मग?"

"कोरा ठेवाले हातच होये ना. सारं येत होतं. दोन घंटे लिवत बसलो, सारं लिवलं. मंग एक घंटा खोडत बसलो. दुसऱ्या सालीबी तसंच केलं."

मी म्हणालो, "अरे, एवढी मेहनत कशाला? कोरा दिला असतास तरी चाललं असतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समोरचा कुठल्या बाजूनं वळणार याचा अंदाज घेताना तो मैदानावर बघायचा, तसं बघितलं, आणि मग त्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पुन्हा फुलांकडे वळला.

धुरपताबाई चहा घेऊन आली. बरोबर एका फडक्यात बांधलेली लाखोरीची डाळ. ती माझ्यासमोर खाली बसली आणि हात जोडले.

"सर, तुमी लय केलं याच्यासाठी. बापानं केलं नसतं येवढं केलं. पन माहं पोट्टंच डोक्यानं ढ निंगलं. दोन-दोन खेपा नापास झालं. तुमचा शब्द खाली पाडला त्यानं. कॉलेजात तुमालेच खाली पाहा लागलं असन. मनात ठेवू नका जी, माफी करा त्याले."

केवळराम तिच्या मागेच उभा होता. त्यानं तिला दोन वर्षांत काहीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून. बोलायचं तर मीच बोलायला हवं होतं, आणि दोन वाक्यांचंच काम होतं. ती दोन वाक्यं माझ्या तोंडापर्यंत आलीही.

मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी. होते असं. पोरगं मनानं चांगलं आहे."

तिनं डोळे पुसले. मी चहा संपवला, डाळ सायकलला बांधली आणि निघालो. आता घरी बसून हे लिहितो आहे, आणि लाज वाटते, पण घडलं ते असं: ती माझ्यापुढे हात जोडून बसली होती, आणि मी तिला माफ करून आलो.